शिबिरानंतरचे काम
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने केली, तेव्हा प्रथम मला स्मरण झाले ते माझ्याच एका चुकीचे. गतवर्षी वैशाखात याच मांडवात आपण रक्तदाब-तपासणीचे शिबिर भरविले. व्यवस्था मजकडे होती. रांग लागली, हारतुरे झाले, छायाचित्र निघाले. एका शेतकरी बंधूंचा रक्तदाब बराच वाढलेला आढळला. मी त्यांस चिठ्ठी दिली, मीठ कमी करण्यास सांगितले आणि पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला. पेरणीच्या गडबडीत ती चिठ्ठी कोठे पडली कोण जाणे! आश्विनात भातकापणी तोंडावर आली असता ते बांधावरच कोसळले व त्यांचे उजवे अंग लुळे पडले. त्यांच्या अनुज्ञेनेच हे सांगत आहे. त्यांच्या पत्नीने मला विचारले, "डॉक्टर, मेळाव्यानंतर एकदा तरी विचारायला आलात का?" मजजवळ उत्तर नव्हते.

घाम गाळणाऱ्यास कसला रक्तदाब, तो गादीवर बसणाऱ्यांचा रोग, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. जपानच्या नागानो प्रांतात साकू येथील रुग्णालयात १९४५ साली डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी रुजू झाले. शेतकरी वैद्याकडे येतो तो वेळ टळून गेल्यावर, असे त्यांस दिसले. कित्येकांना दुखणे जाणवतच नाही आणि कित्येक ते जाणूनही सोसतात, अशी त्याची दोन कारणे त्यांनी सांगितली. आपल्या बंधूंना ही दोन्ही लागू पडतात. मग रोग्याची वाट पाहण्याऐवजी दवाखानाच गावात नेण्याचे त्यांनी ठरविले. सहकाऱ्यांसह खेडोपाडी नाटकेही केली. १९५९ साली जवळच्या याचिहो गावात सबंध गावाची वार्षिक तपासणी सुरू झाली. प्रत्येकाच्या हाती आरोग्याची वही आली आणि गावातूनच आरोग्यसेवक निवडले गेले. तेथील अन्नात खारवलेल्या भाज्या आणि सोयाबीनचे खारट आंबवण फार. आपण हसू नये; आपला सुका बांगडा, पापड आणि लोणचे यांचे गोत्र तेच आहे. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉ. वाकात्सुकींना १९७६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इतके दूर तरी कशाला जावे? नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा व भंडारा हे होते. त्यात जादूचे यंत्र काही नाही. उपचाराची एकच सोपी पद्धत ठरलेली, गोळ्या मोजक्या, स्वस्त आणि एका वेळी महिन्याच्या. रोग्याजवळ नोंदीचे कार्ड. आणि जो तारखेस आला नाही, त्याची विचारपूस. माझ्या मते सारे मर्म या शेवटच्या गोष्टीत आहे. रक्तदाब वाढला तरी बहुधा दुखत नाही, त्यामुळे १४०/९० च्या वरचा आकडा माणूस सहज विसरतो. चार दिवस बरे वाटले की गोळी सुटते, आणि ती आणण्यासाठी मजुरीचा दिवस बुडवून एस.टी.ने तालुक्याला जावे लागले तर ती सुटणारच. गोळी घराजवळच्या उपकेंद्रात मिळणे हे म्हणूनच गोळीइतकेच महत्त्वाचे. या उपक्रमाचा संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने २०२२ साली गौरव झाला.

औषध देणे हे आपल्या मंडळाचे काम नव्हे. ते सरकारी दवाखान्याने करावे. विचारपूस मात्र आपण करू शकतो. लग्नपत्रिका घरोघर पोहोचविणारी आपली माणसे महिन्याकाठी एक प्रश्न का पोहोचवू शकणार नाहीत? यंदा मी छायाचित्रकारास बोलाविलेले नाही. मांडवाच्या दाराशी गावनिहाय एक वही ठेवली आहे. ज्यांचा आकडा वाढलेला निघेल त्यांचे नाव, दवाखान्यात जाण्याची तारीख आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या तरुणाचे नाव तीत लिहिले जाईल. पाच घरांस एक तरुण पुरे. अकरा जणांनी नावे दिली आहेत, आणखी नऊ हवे आहेत.

वहीतले पहिले नाव त्या बंधूंचे आहे. काठी टेकीत ते स्वतः आले आणि डाव्या हाताने सही केली. त्यांच्या घरी जाण्याचे काम मी मजकडे घेतले आहे.