थप्पड मारणाऱ्याला विचारलेला प्रश्न



संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभराच्या वाङ्मयाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. तो मी लिहून दिला आहे. छापील प्रतीत शेवटी आहे, घरी नेऊन सवडीने वाचा. इथे मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. राजकारणाने घराघरात तोंडं कडू करून ठेवलेल्या या काळात ख्रिस्ती माणसाने, त्यातही लिहित्या ख्रिस्ती माणसाने, कसं बोलावं?

विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. प्रार्थनासभा बंद पाडल्या जातात, आजाऱ्यासाठी प्रार्थना करणाऱ्यावर धर्मांतराचा ठपका येतो, निवडणूक आली की आमच्या देशभक्तीचा पंचनामा सुरू होतो, आणि हे गृहस्थ आम्हालाच सांगणार, जरा गोड बोला! मित्रांनो, तिळगूळ वाटायला मी आलेलो नाही. ज्याच्या तोंडात मारली गेली आहे त्याला आवाज खाली घ्यायला सांगणं हा दुसरा अपमान असतो. म्हणून मी सुरुवातच एका थपडेपासून करतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात ती आहे. रात्रीची वेळ. येशूला बांधून याजक हन्नाच्या वाड्यात आणलं आहे. बाहेर अंगणात कोळशाचा विस्तव पेटवून शिपाई आणि चाकर शेकत उभे आहेत. आत चौकशी चालू आहे, शिष्य कोण, शिकवण काय. येशू म्हणतो, मी लपूनछपून काही बोललो नाही, सभास्थानात आणि मंदिरात बोललो, ज्यांनी ऐकलं त्यांना विचारा. इतकं ऐकून जवळचा एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो. प्रमुख याजकाला असं उत्तर देतोस? साहेबापेक्षा साहेबाचा शिपाई जास्त संतापलेला. हे दृश्य आपल्याला काही अनोळखी नाही.

डोंगरावर दुसरा गाल पुढे करायला सांगणारा हाच. इथे तो गाल पुढे करत नाही. ऑगस्टिनलाही हे खटकलं होतं आणि त्याने त्याचा ऊहापोह केला आहे. येशू त्या शिपायाला उलट विचारतो: मी वावगं बोललो असेन तर ते काय, ते दाखव. बरोबर बोललो असेन तर मारलंस का?

या प्रश्नापाशी मला थोडं रेंगाळू द्या. त्यात शिपायाच्या कुळाचा, पगाराचा, त्याच्या धन्याच्या लांड्यालबाड्यांचा उल्लेख नाही. धन्याबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ होतं. प्रश्न गुळगुळीतही नाही. तू मारलंस, हे तो तोंडावर सांगतो, आणि पुरावा मागतो. पण सगळ्यात मोठी गोष्ट अशी की तो मारणाऱ्याला साक्षीदाराच्या जागी उभा करतो. तू उत्तर देऊ शकणारा माणूस आहेस, हे तो धरून चालतो. शिवी देणाऱ्याला उत्तर नकोच असतं. समोरचा उत्तराच्या लायकीचा नाही हे ठरवल्यावरच शिवी सुचते. ख्रिस्ती सौम्यता म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी या प्रश्नाकडे बोट दाखवीन. समोरच्याला उत्तर देण्याइतकी जागा ठेवून बोलणं. आवाज चढा की उतरता, हा पुढचा भाग.

लगेच कुणीतरी मत्तयाचा तेविसावा अध्याय उघडेल. तिथे प्रभूने शास्त्री आणि परुशी यांना सापांची पिल्लं म्हटलं, चुना फासलेल्या कबरी म्हटलं. मग आम्ही का नाही? मी म्हणतो, अध्याय पूर्ण वाचा. ते शब्द यरुशलेमेत, भर गर्दीत, स्वतःच्याच धर्मातल्या वजनदार माणसांना उद्देशून आहेत, आणि बोलणाऱ्याला काही दिवसांत त्यासाठी जीव द्यावा लागला. आणि तो अध्याय संपतो कसा? त्याच शहरासाठी केलेल्या विलापाने. आपण विलाप गाळतो आणि साप तेवढे ठेवतो. तेही बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या पाठीमागे, मोबाइलच्या आडून.

पंथांची भांडणं आपल्याला नवी नाहीत, म्हणून दोन कट्टर बाजूंची एक गंमत सांगतो. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत खोट्या साक्षीची आज्ञा समजावताना म्हटलं की नुसतं खोटं न बोलणं पुरेसं नाही, शेजाऱ्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावला पाहिजे. त्याच शतकात, त्याच्या विरुद्ध गोटातल्या इग्नेशियस लोयोलाने आपल्या 'आध्यात्मिक साधने'च्या पुस्तकात सुरुवातीलाच अट घातली. समोरच्याचं विधान मोडीत काढण्याआधी त्याचा बरा अर्थ शोधा, सापडला नाही तर तुला यातून काय म्हणायचं आहे असं त्यालाच विचारा, आणि तरीही तो चुकत असेल तर प्रेमाने सुधारा. दोघांचे अनुयायी पुढे एकमेकांच्या जिवावर उठले, पण या एका मुद्द्यावर गुरूंचं एकमत होतं.

आणि ल्यूथर? त्याच हाताने १५४३ मध्ये त्याने यहुद्यांविरुद्ध पुस्तक लिहिलं. सभास्थानं जाळा, घरं पाडा, इथवर. चारशे वर्षांनी नाझींना ते आयतं सापडलं. शिकवण ठाऊक असणं आणि लेखणी आवरणं यांत केवढी दरी असते! आपण लेखक आहोत, म्हणून हे सांगतो. रागाच्या भरात बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं कपाटात वाट बघत बसतं.

आता आपल्या घरात येऊ. मराठी ख्रिस्ती गद्याचा पाया वादात घातला गेला, हे आपण फारसं बोलत नाही. १८३१ मध्ये मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी आपली बाजू पुस्तिकेत मांडली, विल्सनने १८३२ मध्ये इंग्रजीत उत्तर छापलं. त्या उत्तराच्या नावातच हिंदू धर्माचं पितळ उघडं पाडण्याची भाषा आहे. आज ते वाचवत नाही. आपल्या मिशनऱ्यांनी दुसऱ्याच्या देवघरात पायताणं घालून शिरावं तसं पुष्कळदा लिहिलं, आणि त्याची परतफेड आजही आपल्या अंगणात होते, हे आपण कबूल केलेलं बरं. पण त्याच पुस्तकात एक गोष्ट आहे. विल्सनने आपल्या उत्तराच्या आधी मोरभटांच्या पुस्तिकेचा अनुवाद छापला. वाचकाने प्रतिपक्ष आधी वाचावा, मग माझं. भाषा तिखट, पण व्यवहार चोख. आजच्या टीव्हीवरच्या चर्चेत नेमकं उलटं आहे. 'आदरणीय' म्हणून सुरुवात होते आणि समोरच्याचं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत.

त्याहून मला जवळचा वाटतो तो १८५७ चा प्रसंग. त्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद आठवड्या-आठवड्याला रंगत. गर्दी जमे. बुवा ख्रिस्ती मताची चिरफाड करत, आणि ती कच्ची नसे. समोर होता जॉर्ज बोवेन. हा अमेरिकन माणूस १८४८ मध्ये मुंबईत आला, पगार सोडला आणि देशी वस्तीत साध्या खोलीत राहिला. या वादांचं पुस्तक बोवेननेच काढलं, बुवांच्या आक्षेपांसकट. पटलं कुणाला कुणाचं? कुणालाच नाही. बुवा बुवाच राहिले, बोवेन बोवेनच. पण पुढच्या आठवड्यात दोघंही पुन्हा वाळूवर हजर. उत्तर ऐकायला परत येणं, एवढं तरी आज आपल्याला जमतं का?

लेखनातला याचा सर्वोत्तम नमुना मात्र ना धर्मगुरूंचा आहे ना पंडितांचा. तो लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि या बाईचं जग फुटलं. काही वर्षं नवरा एकीकडे, ती एकीकडे. पुढे तीही ख्रिस्ती झाली. 'स्मृतिचित्रे' लिहायला बसली तेव्हा तिच्या हातात केवढी सामग्री होती पाहा. सोवळ्याच्या वेडापायी घर वेठीला धरणारे वडील, घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय त्यांना चालत नसे. एखाद्या प्रचारकाने या बापाचा पुतळा करून चौकात जाळला असता. बघा, हा तुमचा धर्म! लक्ष्मीबाई हसतात. बाप हास्यास्पद होतो, पण परका होत नाही. आणि टिळकांनाही त्या सोडत नाहीत. कवी, संत, देशभक्त, सगळं खरं, पण घरात पैसा टिकू न देणारा, रागाच्या झटक्यात निघून जाणारा नवराही तिथे तसाच उभा आहे. आपल्याकडच्या माणसाची चूक सांगायची आणि पलीकडच्या माणसाचं माणूसपण राखायचं, ही दुहेरी गोष्ट मराठीत इतक्या सहज कुणी केलेली मला माहीत नाही. म्हणूनच तर ते पुस्तक सगळ्या मराठी घरांचं झालं, आणि आपली बरीचशी बोधपर पुस्तकं मिशनच्या कपाटात राहिली. हे थोडं लागेल, पण खरं आहे.

सौम्य म्हणजे भित्रा, हा समज काढायला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची आठवण पुरे. वसईची जमीन आणि पाणी गिळायला निघालेल्यांशी 'हरित वसई'च्या लढ्यात हा माणूस रस्त्यावर उतरून भांडला. २०१९ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली आणि धमक्यांचे फोन सुरू झाले. उद्घाटक ना. धों. महानोरांनाही जाऊ नका म्हणून धमकावलं गेलं. जानेवारी २०२० मध्ये दोघंही उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, हजर होते. दिब्रिटो आजारी होते, तरी आले, बोलले. ज्ञानोबा-तुकोबा त्यांच्या बोलण्यात कुणाला खूश करायला येत नसत, आयुष्यभर वाचले होते म्हणून येत.

आता एक छोटी हकिगत. आमच्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर नाताळच्या आधी एक संदेश आला. नाक्यावरच्या अमुक दुकानदाराने आपल्या गोठ्याच्या मंडपाला विरोध केला आहे, त्याच्याकडून काही घेऊ नका. खाली अंगठे आणि लालबुंद चेहरे. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी लिहिलं, "हे कुणी पाहिलं? कधी?" गट चिडीचूप. मग हळूहळू बाहेर आलं की मंडपाच्या खांबाने त्याचं शटर अर्धं अडलं होतं आणि तेवढंच तो म्हणाला होता. खांब सरकवला गेला. बाईंना मात्र दोघांनी खासगीत विचारलं, तुम्ही आजकाल कुठल्या पक्षात? हन्नाच्या वाड्यातल्या प्रश्नाचं हे नाक्यावरचं रूप आहे, आणि ते विचारणाऱ्याला आपलेच लोक मारतात, हाही तपशील जुळतो.

आणि आपसात तरी काय? वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली. गावं आत ठेवायची की वगळायची, यावरून एका बाकावर बसून मिस्सा ऐकणारी माणसं शांतीची खूण द्यायच्या वेळी मान फिरवायला लागली. कॅथलिकांनी नव्या प्रार्थनामंडळ्यांना काय काय नावं ठेवली आणि त्यांनी आपल्या मूर्तींबद्दल काय म्हटलं, ते या मांडवात सगळ्यांना पाठ आहे. त्यासाठी बाहेरचा शत्रू लागला नाही.

पेत्राचं पहिलं पत्र ज्यांना लिहिलं गेलं ते आशिया मायनरमधले ख्रिस्ती आपल्यासारखेच होते. थोडके, संशयाच्या सावटाखालचे, नाही नाही त्या अफवांचे विषय. त्यांना सांगितलं गेलं की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला सदा तयार राहा, आणि ते सौम्यतेने, आदराने द्या. आपल्यातले भिडस्त सौम्यता उचलतात आणि उत्तर टाळतात. तापट लोक उत्तर उचलतात. आज्ञा एकच आहे, तिची फाळणी आपण केली.

आता कामाचं. उद्याच्या खुल्या अधिवेशनात प्रार्थनास्थळांवरच्या हल्ल्यांच्या निषेधाचा ठराव येणार आहे. मसुदा माझ्याकडे आला तेव्हा त्यात सात विशेषणं होती आणि एकही तारीख नव्हती. विशेषणं काढायला आणि गाव, तारीख, फिर्याद दाखल झाली की नाही, तपास कुठवर आला, हे घालायला मी सांगितलं आहे. ठराव ज्या अधिकाऱ्यांना जाणार त्यांच्यापुढे शेवटी तीन प्रश्न ठेवले आहेत आणि उत्तरासाठी मुदत मागितली आहे. मसुदा समितीतले दोन मित्र माझ्यावर नाराज आहेत. ठराव मिळमिळीत झाला, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांचा मूळ मसुदा मी शेजारीच छापायला लावला आहे, म्हणजे तुम्हाला दोन्ही वाचून मत देता येईल. उपसूचना लेखी लागतात. कोरे कागद स्वागत कक्षात ठेवले आहेत, सकाळी नऊच्या आत द्या, आणि नाव स्वच्छ अक्षरात लिहा.