बदलता कारभार आणि कचेरीचा प्रमुख
(देवस्थानच्या वार्षिक उत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



व्यवस्थापक समितीने मला बोलावयास सांगितले तेव्हा मी संकोचलो. ज्याचे आयुष्य कचेरीच्या दप्तरांत गेले, त्याने व्यासपीठावरून काय सांगावे? तथापि एक अनुभव आपल्या कामी येण्याजोगा आहे, तो निवेदन करतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तो आनंद अवर्णनीय होता. परंतु आम्हां कारकुनांच्या मनात त्याबरोबर धास्तीही होती. आमचे शिक्षण लिसेवमध्ये, पोर्तुगीज भाषेतून झालेले. टिपणे, नोंदी, पत्रव्यवहार सारे त्याच भाषेत. आता कारभार इंग्रजीतून चालणार होता. हिशेबाचेही तेच. जुना रुपिया जाऊन एस्कुद आल्यास फार वर्षे लोटली नव्हती. तो अंगवळणी पडतो न पडतो तोच, सहा एस्कुदांस एक या दराने, भारतीय रुपया आला.

आमच्या कचेरीत आलेले पहिले प्रमुख कर्तबगार, पण अबोल. हुकूम सुटत, कारण कळत नसे. प्रमुख बोलेनात, तेव्हा अफवा बोलू लागल्या. कोणाची बदली होणार, कोणास घरी बसविणार, याविना दुसरा विषय नव्हता. पोर्तुगीजमध्ये उत्कृष्ट मसुदे लिहिणारे एक वयोवृद्ध सहकारी इंग्रजी येत नाही म्हणून दिवसभर मान खाली घालून बसत. तरुण मंडळी त्यांस हसत. त्या हसण्यात एकदा मीही सामील झालो होतो, याची आजही लाज वाटते.

पुढे दुसरे प्रमुख आले. ते रोज सकाळी आम्हां सर्वांस दहा मिनिटे एकत्र बोलावीत. काय ठरले आहे ते सांगत आणि काय अद्याप ठरलेले नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगत. त्यांनी जुन्या-नव्यांस एकाच मेजावर बसविले. वृद्ध सहकाऱ्याने जुन्या कागदाचा आशय सांगावा, तरुणाने इंग्रजी मसुदा करावा. तेव्हा आमच्या ध्यानी आले की, जुने दस्तऐवज पोर्तुगीजमध्येच आहेत आणि वारसाहक्काचा जुना पोर्तुगीज कायदाही लागूच राहिला आहे. ज्यांस आम्ही निरुपयोगी समजत होतो, त्यांच्यावाचून पान हलेना!

एकदा घाईत मी सहाशे एस्कुदांची रक्कम सहाशे रुपये म्हणून लिहिली. शंभर रुपयांचे सहाशे झाले! वरून विचारणा आली. प्रमुखांनी उत्तरात लिहिले, "तपासणी माझ्याकडे होती, चूक माझी." मला खोलीत बोलावून एवढेच म्हणाले, "आता दर पाठ करा." त्या दिवसापासून आम्ही चुका लपविणे सोडले, आणि चुकाही कमी झाल्या.

महाजनहो, आपल्या देवस्थानातही दर तीन वर्षांनी समिती बदलते. नवा अध्यक्ष, नवा मुखत्यार, नवा खजिनदार येतो. पुजारी, सेवेकरी, वाजंत्री व कारकून मात्र तेच असतात आणि प्रत्येक बदलाच्या वेळी त्यांच्या मनात तीच धास्ती असते. नव्या समितीने पहिल्या बैठकीतच त्यांस बोलवावे. काय बदलणार, काय नाही, ते सांगावे. जुन्या माणसाकडून रीत समजून घेऊन मगच ती सुधारावी. आणि पहिली चूक घडेल तेव्हा ती आपल्या शिरी घ्यावी. यास पैसा लागत नाही, थोडा वेळ आणि थोडा मोठेपणा लागतो.