गज कोणाच्या हाती?
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंगलप्रसंगी शाळांच्या कारभारासारखा रुक्ष विषय निवडण्यास कारण आहे. व्यापाराचा हिशेब चुकला तर पैसा बुडतो. शाळेचा कारभार चुकला तर पिढी बुडते.

कापड मोजताना गज दुकानदाराच्या हाती असतो, त्यावर शिक्का सरकारचा असतो आणि नजर गिऱ्हाइकाची असते. यांपैकी एक जरी नसले तरी माप खोटे ठरण्याचा संभव असतो. शाळेलाही हाच न्याय लागू आहे.

या तिघांत अधिकार कसा वाटावा, याविषयी जगात एकमत नाही. फ्रान्समध्ये अभ्यासक्रमाची सूत्रे राष्ट्रीय मंत्रालयाकडे आहेत. अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय असून दैनंदिन कारभार बहुतांशी लोकनियुक्त स्थानिक मंडळे पाहतात. जपानने १९४८ साली शिक्षणमंडळांच्या निवडणुका घेतल्या. १९५६ नंतर सभासद नेमण्याची पद्धत आली. फिनलंडमध्ये शाळा नगरपालिका चालवितात आणि शिक्षकावर मोठा विश्वास टाकला जातो.

धाराशिव जिल्ह्याने यांपैकी बरेच काही स्वतः अनुभवले आहे. निजामी राजवटीत सर्व सूत्रे हैदराबादेत होती आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. अशा काळात १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा उभी राहिली; पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे अध्यापन केले. सत्ता विन्मुख असता समाज शाळा चालवू शकतो, हा धडा या मातीतला आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातील प्राथमिक शाळा जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींच्या कक्षेत आल्या. १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असे ठरविले.

कायद्याने गिऱ्हाइकाला नजर दिली. परंतु ती नजर जागी आहे काय? या जिल्ह्यातील अनेक आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सभेच्या दिवशी ते फडात असतात. जेथे इतिवृत्त आधी लिहिले जाते आणि सही मागाहून घेतली जाते, तेथे समिती कागदावरच राहते.

आता स्वसमाजाकडे वळावे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. घटनेच्या तिसाव्या कलमाने शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्णय दिला; सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. मात्र चालविण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे न्यायालयाने १९५८ सालीच सांगितले आहे.

म्हणजे या शाळांत गज विश्वस्तांच्या हाती आहे आणि पाहणारा कमी आहे. अशा वेळी कायद्याने सोडले म्हणून समाजाने सुटू नये. पालकांची समिती स्वेच्छेने नेमावी, प्रवेशाचा व देणगीचा हिशेब फलकावर लावावा, सभा ऊसतोडीपूर्वी एक आणि नंतर एक घ्यावी. यास खर्च येत नाही. लागते ते केवळ मनाचे धैर्य.

जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, ती सर्व जातींच्या मुलांसाठी. अनेकान्त शिकविणाऱ्या धर्माच्या अनुयायांनी शाळेच्या कारभारात एकाच बाजूचे सत्य पुरेसे मानू नये. विश्वस्त, शासन आणि पालक या तिघांची दृष्टी जुळेल, तेव्हाच माप पूर्ण भरेल. पुढील पन्नास वर्षांच्या वहीचे पहिले पान याच नोंदीने उघडावे, ही प्रार्थना.

जय जिनेंद्र.