समुद्रातले प्रवाह आणि आपला पेरा



लालबाग-परळला पाहुणे म्हणून गेलात, की गिरगाव चौपाटीवर चक्कर होतेच. समोरचं पाणी नुसतं भरती-ओहोटीनं हलत नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे. मोसमी वारे फिरतात, तसा तोही फिरतो. दूर उत्तर अटलांटिकच्या थंड समुद्रात तसं नाही. तिथं खारं पाणी गारठून जड होतं, तळाला जातं आणि दक्षिणेकडे सरकतं. ही चाल वर्षावर्षांत कमीजास्त होते. २००४ पासून तिचं सतत मोजमाप चालू आहे.

आपल्याला जवळचा हिंदी महासागर. २०१९ साली त्याचा पश्चिम भाग फार तापला, पूर्वेकडचा गार राहिला. देशात पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला, परतीला ऑक्टोबर उजाडला आणि काढणीला आलेलं सोयाबीन रानातच भिजलं.

तेव्हा नुसतं 'एल निनो' ऐकून हबकू नका. १९९७ साली तो जबर होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचं काय सांगतात, तेही ऐका. पेरणी मात्र अंदाजावर नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल गेली, की मगच चाड्यावर मूठ धरा.