म्हशीचे शिंग आणि आपले दावे



म्हशीची शिंगे म्हशीला जड नसतात, ही म्हण आपण सारेच वापरतो. ज्याने ती प्रथम उच्चारली, त्याने शिंग मोडलेली म्हैस पाहिली नसावी.

आपल्या वऱ्हाडी म्हशीचेच घ्या. नागपुरी, एलिचपुरी अशीही नावे असलेली ही जात. तिची शिंगे लांब, चपटी, तलवारीसारखी मागे वळून मानेच्या दोन्ही अंगांनी थेट खांद्यापर्यंत गेलेली. देखणी खरी, पण गोठ्याच्या अरुंद दारात, गव्हाणीच्या बल्लीत, मालमोटारीच्या फळीत आधी तीच अडकतात. मुऱ्हा म्हशीचे शिंग आखूड व वळणदार, म्हणून ते अडकत नाही. मात्र वळत वळत त्याचे टोक कधी कातड्यातच रुतते आणि तिथे किडे पडतात. वेळीच टोक कापले तर जनावराला काही कळतही नाही, कारण टोकाकडचा भाग भरीव व निर्जीव असतो.

बुडाकडची गोष्ट वेगळी. बाहेरची खोळ आपल्या नखासारखी. तिच्या आत रक्ताने भरलेला नाजूक पडदा, आणि त्याच्याही आत कवटीतून निघालेले हाड. मोठ्या जनावरात हे हाड पोकळ असते व ती पोकळी कपाळाच्या पोकळीला आणि तिथून नाकाला जोडलेली असते. म्हणूनच शिंग मोडले की त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते.

आमच्या शेजारच्या एका गवळ्याची दुभती म्हैस फाटकात अडकली. चार माणसांनी दावे ओढले. म्हैस सुटली, पण शिंगाची खोळ फाटकातच राहिली. मालकाने जखमेवर शेण व राख थापली. आम्हीही तिथे उभे होतो आणि गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे. आठव्या दिवशी नाकातून पू वाहू लागला, म्हैस मान वाकडी करून उभी राहू लागली आणि दूध तांब्याभरावर आले.

तेव्हा करायचे काय? स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवावे, माशा बसू देऊ नयेत आणि पशुवैद्याला बोलवावे. शेणामातीत धनुर्वाताचे बीज असते, ती लावू नये. भोक उघडे दिसत असेल तर त्यात फिनाईल किंवा तेल ओतू नये. ते थेट कपाळात उतरते. नुसती खोळ निघाली असेल तर डॉक्टर औषध लावून, धडक्या शिंगाचा आधार घेऊन आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधतात. हाडच बुडाशी मोडले असेल तर डोळा व शिंग यांच्यामधल्या शिरेपाशी बधिरतेची सुई देऊन शिंग काढावे लागते.

मार न लागता नाकातून रक्त येत असेल, जनावर डोके झटकत असेल आणि शिंग हलत असेल, तर कर्करोगाची शंका घ्यावी. तो बहुधा बैलांत आढळतो, म्हशीत क्वचित.

बहुतेक इजांच्या मुळाशी शिंगाला बांधलेले दावे असते. म्होरकी घालावी, हे सांगायला विद्वान नको. पारडू आठ-दहा दिवसांचे असतानाच डॉक्टरांकडून शिंगाचा कोंब डागून घेता येतो. पण बाजारात गिऱ्हाईक शिंग पाहून जात ओळखते, तेव्हा मालक कचरतो. त्याचे तरी काय चुकले?

त्या म्हशीवर उपचार झाले. हाडावर हळूहळू नवे शिंग चढले, खडबडीत, वाकडे. दिवाळीच्या पाडव्याला मालकाने दोन्ही शिंगे रंगवली, आणि या खेपेस दावे म्होरकीला होते.