कलादालनाचा उंबरठा

(खामगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने चित्रकलेवर बोलावे, हे आपल्याला विचित्र वाटेल. गेल्या हिवाळ्यात एका बैठकीसाठी मुंबईस गेलो असता एक दुपार मोकळी मिळाली. सोबत असलेल्या एका स्नेह्यांना घेऊन मी काळा घोडा येथील जहांगीर कलादालनात गेलो. आपण बहुतेक जण त्यांना ओळखता, म्हणून नाव घेत नाही; उभे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत काढलेला माणूस. दाराशी ते थबकले. "सर, तिकीट किती?" तिकीट नाही म्हटल्यावर त्यांचा संशय वाढलाच. हे दालन १९५२ पासून उघडे आहे. मोर्चांच्या निमित्ताने ते त्या भागात कितीदा तरी आले होते. आत पाऊल मात्र कधी पडले नव्हते.

आत एक अमूर्त चित्र होते. राखाडी-पांढरा पृष्ठभाग, वरच्या कोपऱ्यातून उतरलेला पिवळसर पट्टा. मी सवयीने यादीतील किंमत पाहिली. ते चित्रासमोर पुष्कळ वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "जिनात सकाळी उन्हाची तिरीप येते ना सर, तवा रुईचा धुरळा असाच दिसते." मग त्या धुरळ्याने छाती भरून गेलेल्या दोन सोबत्यांची नावे त्यांनी घेतली. चित्रकाराच्या मनात जिन असण्याचा संभव नाही. तरीही आम्हा दोघांत चित्र पाहिले ते त्यांनी.

पुढे एका खासगी दालनाच्या दारावर त्यांना विचारण्यात आले, "कोणाला भेटायचे आहे?" मला कोणी विचारले नाही. माझ्या अंगावर कोट होता.

किमतीविषयी थोडे बोललेच पाहिजे. दुर्मिळ चित्रांचे मूल्य श्रमावर नव्हे, केवळ दुर्मिळतेवर ठरते, असे रिकार्डोने १८१७ सालीच नोंदवून ठेवले. वर्गात मी हा अपवाद एका वाक्यात उरकत असे. हुसेन यांचे १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांस गेले. त्यापूर्वी कित्येक दशके ते ओस्लोच्या एका रुग्णालयाकडे होते. आमच्या स्नेह्यांनी गाडीत हिशेब मांडला: २०२५-२६ च्या हंगामातील लांब धाग्याच्या कापसाच्या ८,११० रुपये हमीभावाने हा सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार क्विंटल कापूस होतो. हिशेब बरोबर आहे. पण त्यावर संतापून थांबणे सोपे आहे, आणि चित्र तेवढ्याने आपल्याला दिसू लागत नाही. ज्या दालनात प्रवेश फुकट आहे तेथेही आपला माणूस जात नाही, याचे उत्तर किमतीत सापडत नाही.

१९४७ साली स्थापन झालेल्या 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'चे सूझा काही काळ कम्युनिस्ट पक्षात होते. त्या गटात मोटारी धुऊन पोट भरलेले आरा होते, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडे होते. तरी १९४९ च्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत सूझांनी लिहिले की लोक आणि कलावंत यांतील दरी सांधता येणार नाही. मला हे मान्य नाही. परंतु त्यांना एकट्यांना दोष देणेही प्रामाणिकपणाचे नव्हे. आपण चळवळवाल्यांना चित्रकार आठवतो तो फलक रंगवून घेण्यापुरता.

याहून वेगळे काही आपल्या शेजारीच घडले होते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन खानदेशातील फैजपूरला भरले. गांधीजींनी नंदलाल बोस यांना बोलावले. आपण चित्रकार, मांडव घालणारे नव्हे, अशी त्यांची अडचण होती. त्यांनी बांबू आणि मिळेल ते स्थानिक सामान घेऊन नगर सजवले. १९३८ साली हरिपुऱ्यास त्यांनी ढोलकी, शेतकरी, सुतार, शिंपी यांची चित्रे काढली. ती अधिवेशनास येणाऱ्या खेडुतांनी जाता-येता पाहावीत, अशी मांडली होती. आज ती राष्ट्रीय संग्रहात जपलेली आहेत.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. हंगामात माल घेऊन आलेला शेतकरी बाजार समितीच्या आवारात तासन्‌तास, कधी रात्रभर ताटकळतो. तेथे आपल्या भागातील तरुण चित्रकारांची चित्रे आठ दिवस लावावीत. अमूर्तही लावावीत, 'लोकांना कळणार नाही' म्हणून गाळू नयेत. कापूस नेण्यासाठी १८७० साली या गावापर्यंत रेल्वे आली. चित्रे आणायला एक टेम्पो पुरे. स्नेही तयार आहेत. त्यांची अडचण एकच आहे. हंगामात आवारात धूळ फार उडते, तेव्हा चित्रे झाकायची कशाने? भाषणानंतर आपण बसणार आहोत, त्यात आधी हे ठरवू.