औषधाची शिल्लक
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. परंतु जमाखर्च सांभाळणाऱ्या माणसाकडून औषधाच्या बाबतीत कोणती चूक होते, ते स्वानुभवाने सांगू शकतो.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. त्याच सुमारास ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू, हे नाव घरोघरी पोहोचले. या औषधाच्या निर्मितीत लागणारे एक आम्ल मसाल्यातील चक्रीफुलापासून मिळते, हे कळताच काढे उकळले गेले. मात्र चक्रीफूल हा कच्चा माल आहे, औषध नव्हे. कापूस अंगावर घेतल्याने सदरा होत नाही.

२०१५ च्या आरंभी साथ पुन्हा बळावली. माझ्या मुलाला डॉक्टरांनी हे औषध दिले. दिवसातून दोन याप्रमाणे पाच दिवसांच्या दहा कॅप्सूल. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, त्याने औषध सोडले, आणि चार कॅप्सूल मी कपाटात जपून ठेवल्या. पंधरवड्याने आईला ताप व खोकला सुरू झाला. शिल्लक हाती होतीच. जेवणाआधी द्यावी की नंतर, एवढेच विचारण्यासाठी मी आपल्या औषध विभागात दूरध्वनी केला. तेथील फार्मासिस्ट भगिनींनी उलट मलाच विचारले, "साहेब, आईंचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिलात का?"

आईला मूत्रपिंडाचा जुना विकार होता. हे औषध मूत्रावाटे शरीराबाहेर जाते. मूत्रपिंड दुर्बल असेल तर ते रक्तात साचते आणि म्हणून मात्रा कमी करावी लागते. रुग्णालयाचा प्रशासक असून हे मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासून कमी मात्रेचे औषध दिले आणि आई बरी झाली. त्या दूरध्वनीचे ऋण मी आजही मानतो.

त्या दिवसापासून मनाशी बांधलेल्या काही गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

हे औषध फक्त इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर चालते. साध्या सर्दीवर किंवा कोविडवर नाही. लक्षणे दिसल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत सुरू केल्यास लाभ अधिक. अन्यथा निरोगी असलेल्या प्रौढाचा आजार त्याने साधारण एक दिवसाने आटोपतो. म्हणूनच सौम्य आजारात डॉक्टर ते देत नाहीत, तेव्हा त्यांनी दुर्लक्ष केले असे मानू नये. याउलट गर्भवती, वृद्ध, लहान बालके, मधुमेही, दमेकरी व हृदयविकाराचे रुग्ण यांनी विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी येणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा नखे निळसर होणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णालय गाठावे. गंभीर रुग्णाला दोन दिवस उलटून गेल्यावरही हे औषध दिले जाते.

मळमळ व उलटी हा त्रास काहींना होतो. अन्नाबरोबर घेतल्यास तो कमी होतो. क्वचित, विशेषतः मुलांमध्ये, भ्रम किंवा विचित्र वागणे आढळल्याच्या नोंदी आहेत. तसे दिसताच डॉक्टरांना कळवावे. मुलांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून पातळ औषध घरच्या चमच्याने न मोजता मापाच्या पिचकारीनेच मोजावे. एखादी मात्रा चुकली तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ दोन तासांवर आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन मात्रा एकदम कदापि घेऊ नयेत. आणि बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत.

साथीच्या दिवसांत काही स्नेही मला म्हणतात, "घरात दहा पाकिटे असू द्या की!" त्यांची काळजी मी समजू शकतो. परंतु हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. २००८-०९ च्या हंगामात तेव्हाच्या नेहमीच्या एच१एन१ विषाणूचे अनेक देशांतील बहुतेक नमुने या औषधाला दाद देईनासे झाले होते. विषाणू बदलतो, आणि त्याच्याशी लढण्याची आपल्याजवळची साधने मोजकीच आहेत. शिवाय श्रीमंताच्या कपाटात मुदत संपेपर्यंत पडून राहिलेले पाकीट साथीच्या दिवशी एखाद्या गरीब गर्भवतीच्या वाट्याला येत नाही.

देणगीदारांना माझी विनंती एवढीच, की कपाटातील साठ्याऐवजी आपले साहाय्य लसीकडे वळवावे. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि औषध हा तिचा पर्याय नव्हे. आपल्या परिचारिका, सफाई कामगार आणि डायलिसिसला येणारे निर्धन रुग्ण यांना ती वेळेवर मिळाली, तर साथीत रुग्णालयाचा कणा ताठ राहील.

हिशेबाच्या वहीत वर्षाअखेरीस शिल्लक दिसली की मला समाधान वाटते. औषधाच्या बाबतीत मात्र घरातील शिल्लक ही कोठेतरी उपचार अपुरा राहिल्याची खूण असते. आपल्या घरी अशी चार कॅप्सूल असतील, तर त्या कोणाला देण्यापूर्वी आमच्या औषध विभागात एक दूरध्वनी अवश्य करावा.